निजल्यावरचं वजन

निजलेलं मूल जड लागतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मोना झाल्यावर हातांनाच कळलं. जागी असली की ती मानेला लटकते, पायांनी कमरेला विळखा घालते, म्हणजे अर्धा भार स्वतःच उचलते. झोपली की सगळा आपल्यावर सोडून देते. वजन तेच, धरण्यात फरक. असं मी दुसऱ्या कुणालाही समजावून सांगितलं असतं, कारण वजनं-मापं हेच माझं पोटाचं काम आहे.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी तपासणी विभागात आहे. ओतून आलेला लोखंडी भाग बाहेरून गुळगुळीत दिसतो, पण आत हवा अडकून पोकळी राहिली असेल तर ती डोळ्याला दिसत नाही. म्हणून आम्ही तो आधी असाच तोलतो, मग बारीक तारेला टांगून पाण्यात बुडवून तोलतो. पाण्यात वजन जेवढं कमी भरतं, त्यावरून त्यानं किती जागा अडवलीय ते कळतं. वजनाला त्या जागेनं भागलं की घनता. आमच्या लोखंडाची सात पूर्णांक एक किंवा दोन यायला हवी. सहा पूर्णांक आठ आली की मी लाल खडूनं फुली मारते. आत काहीतरी नाही, एवढाच तिचा अर्थ. आत काहीतरी जास्त आहे, असा भाग मी सहा वर्षांत एकदाही बघितला नव्हता.

मोनासाठी मी मोठी रजा घेतली होती. मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. नवरा, धैर्यशील, सकाळी आठला वर्कशॉपला जातो तो संध्याकाळी सातला येतो. दिवसभर घरात मी, मोना आणि सासूबाई. त्यांचं नाव बाळाबाई, मी त्यांना आत्ती म्हणते. दुपारी मोना निजायची, तेवढा वेळ माझा. भांडी तशीच ठेवून मी तिच्या शेजारी आडवी व्हायची आणि तिच्या कानामागचा तीळ बघत राहायची.

एप्रिलमधल्या अशाच एका दुपारी झोळी फाटली. आत्तींनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याच्या कडीला बांधली होती. मोना झोपून दहा मिनिटं झाली असतील. टर्रकन आवाज झाला आणि ती खालच्या गादीवर आली. जागीसुद्धा झाली नाही. आत्ती फाटका काठ हातात धरून बसल्या.

"धैर्या ह्यातच वाढला," त्या म्हणाल्या. "तीन वर्सांचा हुईस्तोवर निजायचा. कवा शिवण उसवली न्हाय."

"जुनं झालंय की आता, आत्ती."

"जुनं व्हय," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही.

मी मोनाला उचलायला वाकले आणि एक गुडघा टेकावा लागला. गुडघा टेकायला लागावा एवढी ती नव्हती. सकाळीच मी तिला तोलली होती. दिवाळीत आत्ती चिवड्याच्या ऑर्डरी घेतात, त्यासाठी धैर्यशीलनं पाटाएवढा एक इलेक्ट्रॉनिक काटा आणलाय, दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. सकाळी आठ किलो चारशे भरली होती.

मी तो काटा ओढून घेतला, वर चादरीची घडी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि झोपलेल्या मोनाला अलगद ठेवलं.

अकरा किलो दोनशे.

काटा बिघडला म्हणून पाच किलोची पिठाची पिशवी ठेवून बघितली. बरोबर पाच. पुन्हा मोनाला ठेवलं. अकरा दोनशे. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा तिनं आळस दिला, मूठ डोळ्यावर घासली, आणि माझ्यासमोर आकडे उतरायला लागले. अकरा, दहा, नऊ. डोळे उघडून ती मला बघून हसली तेव्हा आठ चारशेवर थांबले.

दुसऱ्या दिवशी मी टब काठोकाठ भरून परातीत ठेवला. मोनाला कानांपर्यंत पाण्यात बसवलं, सांडलेलं पाणी मापानं मोजलं, डोक्याचा अंदाज धरला. आठ लिटर तीनशे. म्हणजे वजन आणि जागा जवळजवळ सारखी. माणसाचं असंच असतं, आपण पाण्याहून फार जड नसतो, म्हणून तर पाण्यात हलके होतो. कोमट पाण्यात ती नेहमी पेंगते. मी टब पुन्हा भरला, मनगटावर तिची मान धरली आणि ती झोपायची वाट बघितली.

पाणी तेवढंच सांडलं. थेंबाचा फरक नाही. पण ती तरंगेना. सरळ खाली जायला बघत होती, शांत चेहऱ्यानं, आणि माझं मनगट तिच्या भारानं खाली वाकत होतं. मी तिला घाईनं उचलून छातीशी धरलं. घनता एक पूर्णांक पस्तीस. जागा एकीचीच होती, आणि त्या जागेत कुणीतरी आणखी होतं.

धैर्यशीलला सांगितलं. रविवारी सकाळी त्यानं जाग्या मोनाला तोललं, आठ चारशे.

"तू दमलीयास," तो म्हणाला. "दुपारी तिच्यासंगट झोपत जा. मोजत बसू नको."

दवाखान्यात नर्सनं रडणाऱ्या मोनाला तोललं. रडणारी म्हणजे जागीच. वजन वयाला थोडं कमी, बाकी ठीक. मी म्हटलं, डॉक्टर, ती फार झोपते. ते म्हणाले, काही मुलं झोपतात. मी म्हटलं नाही की एक वाजता झोपते ती आधी तीनला उठायची, मग चारला, आणि आता साडेपाचला ओल्या फडक्यानं तोंड पुसून उठवावं लागतं. उठली तरी पाय टेकत नाही. बरोबरीची मुलं भिंतीला धरून चालतात, ती दोन पावलांत मटकन बसते आणि बसल्या जागी पुन्हा डोळे मिटते. आठवडाभर लिहून ठेवलं तर झोप रोज सात-आठ मिनिटं वाढत होती. माझी मुलगी झोपेत जात होती, आणि एक दिवस ती उठणार नाही, हे मला आकड्यांत दिसत होतं.

मी रोज दुपारी दोन वजनं घ्यायला लागले, झोपायच्या आधीचं आणि झोपल्यावरचं. दोन्हीतला फरक आधी दोन किलो आठशे होता. आठवड्यानं तीन किलो. पुढच्या आठवड्यात तीन दोनशे. लसीच्या कार्डावर बाळाच्या वाढीचा तक्ता असतो, वाकत वर जाणाऱ्या रेघा. एका दुपारी मी त्यावर पेन्सिलीनं हे फरकाचे ठिपके मांडले. ते एका रेघेवर बसले. आठवड्याला दोनशे ग्रॅम. चांगलं दूध मिळणाऱ्या तान्ह्या बाळाची वाढ.

मग मी रेघ मागं नेली. ती मोनाच्या पहिल्या वाढदिवसापाशी जाऊन थांबली, आणि तिथं आकडा होता एक किलो सहाशे.

तो आकडा मला माहीत होता. मोना एकटी जन्मली नव्हती. ती एक किलो नऊशे, तो एक किलो सहाशे. तो रडला नाही. मला पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आले तोवर आत्ती त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या होत्या. मी त्याला बघितलं नाही. केसपेपरवर त्याचं वजन बघितलं, तेवढंच. घरी कुणी विषय काढला नाही आणि मीही नाही.

पेन्सिल खाली ठेवून मी आत्तींकडं गेले. त्या शेंगा फोडत होत्या.

"आत्ती, वाढदिवसाला आपण मोनाची गूळतुला केली. नवस काय बोलला होतासा?"

त्यांचे हात थांबले. सोनोग्राफीत दोन आहेत कळल्यावर त्या कळंब्याच्या अलीकडच्या मरगूबाईला गेल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. उसाच्या कडेचं एवढंसं देऊळ आहे. लेकरं वर्षाची झाली की त्यांच्या भारंभार गूळ द्यायचा. तराजूच्या एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गुळाच्या किलोकिलोच्या भेल्या, दांडी सरळ झाली की तो गूळ देवीपुढं ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटून टाकायचा. घरात त्यातला कणसुद्धा आणायचा नाही.

"दोघांच्या भारंभार बोललोतो," आत्ती म्हणाल्या.

"आणि घातला किती?"

"मोनाचाच." त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे टोपलीत न टाकता हातातच धरले. "त्या दिवशी तू किती दिसांनी हसल्यालीस, दर्शनी. काठपदर नेसल्यालीस. त्याचा येगळा गूळ काढून ठेवला असता तर तू तितंच बसली असतीस. म्हटलं देवीला काय, ती समजून घेईल. तुझ्या डोळ्यात पाणी नगं म्हणून केलं बाय."

मी त्यांना कार्ड दाखवलं. त्यांना रेघा वाचता येत नाहीत, पण ठिपक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "झोळी फाटली त्या दिशीच कळलं. एकदाच घेतल्यालं मी त्याला, दवाखान्यापास्नं शेतापत्तूर. हाताला ध्यान ऱ्हातंय. मोना निजली की माझ्या डाव्या हाताला तो लागतोय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू दुपारी तिला कुशीत घिऊन पडतीस. तुला उठवू वाटंना."

खरं होतं ते. फरक कळल्यापासून मी ती निजली की तिला मांडीवर घ्यायची आणि खाली ठेवायचीच नाही. पाय बधिर व्हायचे. तीन किलो दोनशे, तीन किलो चारशे. मला न दिसलेलं माझं बाळ वाढत होतं आणि ते मला मांडीवर कळत होतं. पण त्या दिवशी मोना सहाला उठली, दूध न पिताच पुन्हा कलंडली, आणि तिचा श्वास मोजायला मला कान छातीला लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मोना झोपेपर्यंत थांबलो, मग रिक्षा केली. आत्तींच्या पायाशी गुळाचं पोतं, माझ्या मांडीवर मोना. कळंब्याच्या चढाला रिक्षा घुरघुरायला लागली.

"वैनी, पोरगी बसवलीया का इंजान?" रिक्षावाला म्हणाला. "आणि आज्जी, ह्ये पोतं कशाचं?"

"गूळ हाय. गपगुमान चालीव, तुलाबी खडा दीन."

देवळात कुणी नव्हतं. पिराजी गुरव पायरीवर बसून तंबाखू मळत होते. आत्तींनी काय करायचंय ते सांगितलं.

"निजल्याली पोर तोलत न्हाईत, बाळाबाई," ते म्हणाले. "निजल्यालं माणूस पुरतं हितं नसतंय."

"म्हणूनच निजल्याली तोलायची हाय."

त्यांनी आत्तींकडं बघितलं, मग मोनाकडं, आणि तुळईला तराजू अडकवला. मोनाचं पारडं खाली गेलं ते जमिनीला टेकलं. भेल्या चढायला लागल्या. आठ झाल्या, नऊ झाल्या, पारडं टेकलेलंच. दहाव्या भेलीला पिराजीमामांनी तंबाखू थुंकून टाकली आणि हात जोडले. अकरा. बारा. पारडं जमिनीवरून सुटलं. बाहेर ऊस सळसळत होता तो थांबला, किंवा मला ऐकू यायचं बंद झालं.

"ऱ्हायल्यालं आईनं घालायचं," मामा म्हणाले.

भेल्या फोडून मी बारीक खडे केले होते. घरी तोललेलं होतं, मोना बारा किलो दोनशे, म्हणजे राहिले दोनशे ग्रॅम. तेवढेच खडे माझ्या मुठीत होते. दांडी जवळजवळ सरळ होती. बघणाऱ्याला सरळच वाटली असती. मी पारड्यावर हात नेला, बोटं थोडी हलवली आणि मूठ तशीच पदराखाली घेतली.

"झालं," मी म्हटलं.

आत्तींनी दांडीकडं बघितलं. "झालं," त्या म्हणाल्या.

पिराजीमामांनी घंटा वाजवली आणि मोनानं डोळे उघडले. तिचं पारडं एकदम वर उडालं. मी तिला पकडलं. ती हसत होती, आणि हलकी होती, फडकं उचलावं तशी.

पुढच्या आठवड्यात ती भिंत धरून चालली. त्यापुढच्या आठवड्यात भिंत सोडून, चिवड्याच्या डब्यापर्यंत. दुपारी झोपायची आणि दीड तासात उठून मला नाकाला धरून उठवायची. धैर्यशील म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? मी व्हय म्हटलं. दुपारी तिला तोलायची. जागेपणी आठ सातशे, झोपेत आठ नऊशे. दोनशे ग्रॅम. मूठभर. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगायची आणि तिला मांडीवर घेऊन ते मूठभर शोधायची. कधी तिच्या पाठीशी सापडायचं, कधी हाताच्या घडीत. देवळातले खडे मी बडीशेपेच्या डबीत, कपाटात ठेवले होते.

तीन आठवडे दोनशेच राहिलं. मग एका सोमवारी दोनशे दहा झालं. मी काटा पुसला आणि पुन्हा तोललं. दोनशे दहा. बुधवारी दोनशे तीस. शुक्रवारी दोनशे साठ, आणि त्या दिवशी मोना साडेचारपर्यंत उठली नाही.

मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. फडकं ओलं केलं. शेवटी नाव घेऊन जोरात हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडले, पण ओळख पटायला तिला वेळ लागला. ती माझ्याकडं नव्या माणसाकडं बघावं तशी बघत होती. त्या तेवढ्या वेळात मला सगळं कळून चुकलं. मी ठेवून घेतलेलं काही मूठभर राहणार नव्हतं. त्याला वाढायचं होतं, आणि वाढायला जागा एकच होती, तिची.

डबी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. झाकण काढून आत्तींपुढं ठेवली.

"मी सगळा घातला नव्हता, आत्ती."

"दिसल्यालं मला," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. मीबी त्याची आज्जीच की." त्यांनी डबी उचलून हातावर तोलली आणि परत ठेवली. "एवढ्यानं भागायचं न्हाय आता. जाताना कोपऱ्यावरनं मोनाच्या भारंभार गूळ घिऊ, वर शंभर ग्राम आणखी. उद्यावर टाकू नगंस. उद्या आणि थोडा लागंल."

शनिवार येऊ दिला नाही आम्ही. पाच वाजले होते, ऊन अजून रस्त्यावर होतं. मोना रिक्षातच पुन्हा झोपली. ह्या खेपेला मी घरून काही तोलून आणलं नव्हतं. एका पारड्यात मोना, दुसऱ्यात तिच्या जागेपणीच्या वजनाइतक्या भेल्या आणि खडे, तेवढं दुकानदाराकडून काट्यावर घेतलं होतं. डबीतला आणि वरचा गूळ माझ्या हातात.

मी एकेक खडा घालत गेले. हाताला घाम आला होता, गूळ विरघळून तळव्याला चिकटत होता. शेवटचा खडा सुटेना. आत्तींनी माझं मनगट धरलं, ओढलं नाही, नुसतं धरलं. मी तळवा पारड्याच्या काठावर घासला. एकदा, दोनदा, सगळा निघेपर्यंत. नखातलासुद्धा काढला. दांडी हलली, इकडं झाली, तिकडं झाली, आणि थांबली.

कुणी घंटा वाजवली नाही. मोना झोपेतच होती, आणि तिचं पारडं हळूहळू वर चढत गेलं.

तुलेचा गूळ आईनं देवीपुढं न्यायचा असतो. मी पदर पसरला, मामांनी भेल्या त्यात ठेवल्या, वरून ते चिकट खडे. पंधरा पावलं असतील गाभाऱ्यापर्यंत. मी ती सावकाश चालले. गूळ पोटाशी ऊबदार लागत होता. उन्हातून आलेला होता, दुसरं काही नाही. मी त्याला एकच गोष्ट सांगितली, जी इथं लिहिणार नाही, आणि पदर सोडला.

बाहेर आले तर पायरीशी एक बाई उभी होती. ऊसतोडीची नसावी, हातात बाजाराची पिशवी होती. दिवस गेलेले दिसत होते.

"परसाद हाय व्हय, मावशी?" तिनं आत्तींना विचारलं. "लांबनं वास आला. जिभंला कायतर गोड पायजेलाय सकाळधरनं."

"कितवा?" आत्तींनी विचारलं.

"सातवा लागलाय."

आत्तींनी मोनाला खांद्यावर सारखी केली आणि माझ्याकडं बघितलं. मी आत गेले. भेल्या वर होत्या, खडे खाली सरकले होते. मी चाचपून तेच काढले, माझ्या तळव्यावरचे, आणि आणून तिच्या हातावर ठेवले. तिनं तिथंच एक तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि दुसरा हात पोटावर नेला, आतून कुणी हाक मारल्यासारखा.

"बाय, तुजं..." मी विचारायला लागले.

"नाव-गाव इचारू नगंस," आत्ती हळू म्हणाल्या.

ती बोटं चाटत उसाच्या कडेनं निघाली, पिशवी एका हातात, दुसरा हात कमरेवर. दहा पावलांवर थांबली, पिशवी खाली ठेवली, दम घेतला आणि पुन्हा उचलली. आता ती आधीपेक्षा जपून चालत होती.